मस्कतहून पावणेतीन तास

म्हसळ्यात आणि आसपासच्या गावांत कुणाच्या घरचं माणूस आखातात जायला निघालं, किंवा तिथून यायचं असलं, की फोन फकरुद्दीनला जायचा. चोवीस वर्षं त्याने हेच काम केलं. त्याआधी अकरा वर्षं तो स्वतः मस्कतला ट्रक चालवत होता. परत आल्यावर त्याने गाडी घेतली आणि माणसं मुंबईला सहारच्या विमानतळावर सोडायला नि आणायला सुरुवात केली. गाड्या चार बदलल्या, काम तेच राहिलं.

विमानांच्या वेळा त्याला तोंडपाठ होत्या. दुबई सव्वातीन तास, दोहा साडेतीन, कुवेत चार, मस्कत पावणेतीन. नवऱ्याला पहिल्यांदाच सोडायला आलेली एखादी पोरगी मागच्या सीटवर ओढणीत तोंड खुपसून रडायला लागली, की तो आरशातून तिला म्हणायचा, "रडतेस कशाला बाय? मस्कत म्हंजे पंधराशे साठ किलोमीटर. पावणेतीन तास. खरा परदेस हाय तो सहारपासून म्हसळ्यापर्यंतचा. त्याला लागतात सहा तास." गाडीतली माणसं हसायची. कधीकधी ती पोरगीही हसायची.

हेच त्याने आपल्या बायकोलाही सांगितलं होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा नबील चोविसाव्या वर्षी मस्कतच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरीला लागला, तेव्हा खतिजा चार दिवस धड जेवली नव्हती.

"अलिबागला जायला आपल्याला तीन तास लागतात," फकरुद्दीन तिला म्हणाला होता. "पोरगा अलिबागपेक्षा जवळ हाय असं समज."

"अलिबागवरून माणूस येश्टीत बसून येतो," खतिजा म्हणाली होती. "त्याला कुणाला इचारावं लागत न्हाय."

त्याला आता नऊ वर्षं झाली होती. मधल्या काळात नबीलचं लग्न झालं. सादिया मोरब्याहून सून म्हणून घरात आली आणि सासूच्या हाताखाली अशी रुळली, की दोघींचं स्वयंपाकघरातलं बोलणं बाहेर ओटीवर ऐकू यायचं आणि नक्की कोण कुणाला रागावतंय ते कळायचं नाही. नबील वर्षातून एक महिना यायचा. त्याला परत सोडायला दरवेळी खतिजा गाडीत पुढच्या सीटवर बसून सहारपर्यंत जायची. तो आत गेला तरी ती काचेच्या दरवाजाकडे बघत उभी राहायची. फकरुद्दीन पार्किंगमधून दोनदा फोन करायचा, तेव्हा कुठे यायची.

यंदा फेब्रुवारीत खतिजाच्या पोटात पाणी झालं. मुंबईला नेलं, तीन आठवडे हॉस्पिटलात काढले. शेवटी सांगण्यात आलं, की यकृत कामातून गेलंय, आता घरी नेलेलं बरं. फकरुद्दीनने गाडीची मधली सीट काढली, गादी टाकली आणि तिला हळूहळू, खड्डे चुकवत म्हसळ्याला आणलं. त्या दिवशी नऊ तास लागले. नबीलची रजा जूनच्या पहिल्या आठवड्यात मंजूर होती.

"तोपर्यंत ऱ्हाते की मी," खतिजा म्हणाली.

घरी आणल्यापासून तिचं सगळं सादिया करत होती. अंग पुसणं, कूस बदलणं, चमच्याने पाणी देणं. फकरुद्दीन सकाळी खोलीत यायचा, कॉटजवळच्या खुर्चीवर बसायचा आणि पाच-सात मिनिटांत उठायचा. औषध आणायला हवं म्हणायचा. माणगावला जाऊन यायला हवं म्हणायचा. गाडी तर तो रोज धुवायचा. अंगणात नळीचं पाणी पडत राहायचं आणि आत खतिजा ते ऐकत पडून असायची. एकदा सादियाला ती म्हणाली, "तुझ्या सासऱ्याला सांग, रंग जाईल गाडीचा."

मे महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारनंतर तिला श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला. गावातले डॉक्टर येऊन तपासून गेले. जाताना ओटीवर थांबून त्यांनी फकरुद्दीनला सांगितलं, "जवळच्या माणसांना बोलवून घ्या. दोन दिवस. फार तर तीन."

फकरुद्दीनने तिथेच उभ्या उभ्या नबीलला फोन लावला. "नीघ तू," एवढंच म्हणाला. पलीकडून नबील म्हणाला, "पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात आहे अब्बा. उद्या शुक्रवार. ऑफिस बंद असतं."

त्या शुक्रवारी मुंबईला येणारी तीन विमानं मस्कतहून उडाली. नबील त्यांतल्या एकातही नव्हता. तो साहेबाच्या घरी गेला, साहेब गावी गेला होता. दुसऱ्या साहेबाला त्याने जुम्म्याच्या नमाजेनंतर मशिदीच्या दारात गाठलं, त्याच्या हातापाया पडला, आणि संध्याकाळपर्यंत ऑफिस उघडून घेतलं. शनिवारी पहाटेचं तिकीट मिळालं. भारतातले दहा वाजता विमान सहारला उतरणार होतं.

निरोप आला तेव्हा फकरुद्दीन एकदम हलका झाला. आता त्याला काय करायचं ते कळत होतं. हवा बघितली, तेल बघितलं, डिझेल भरून आणलं. मग खोलीत जाऊन खतिजाला सांगितलं, "उद्या आणतो त्याला. पहाटे निघतो मी."

खतिजाचे डोळे पिवळे झाले होते. पण नजर अजून जागेवर होती.

"दादूला पाठवा," ती म्हणाली.

दादू शेजारच्या वाडीतला. त्याचीही गाडी होती, तोही विमानतळाच्या फेऱ्या मारायचा. फकरुद्दीनच्याच हाताखाली शिकलेला.

"दादूला काय समजतं? माणगावला अडकला की बसेल तिथंच हातावर हात धरून. मला आतले रस्ते ठाऊक हायत."

"होऊ दे उशीर. तुमी हितं बसा."

"मी बसून काय करणार? सादिया हाय ना."

"काय करायचं न्हाय," खतिजा म्हणाली. मधे थांबून तिने श्वास घेतला. "बसा नुसते."

तिने त्याच्या सदऱ्याची बाही धरली होती. धरली म्हणजे बोटं नुसती कापडात अडकवली होती. फकरुद्दीनने तिचा हात हळूच सोडवला आणि चादरीवर ठेवला.

"चार-साडेचारच्या आत पोराला तुझ्यासमोर उभा करतो," तो म्हणाला. "मस्कतवरून पावणेतीन तास नि माझे सहा. माझ्या हातात स्टेरिंग असलं की तुला काळजी न्हाय."

"बरं," खतिजा म्हणाली.

शनिवारी पहाटेची फजरची नमाज पढून तो निघाला. निघताना दारातून डोकावला. ती जागीच होती. "येतो," तो म्हणाला. तिने मान हलवली. ओठांनी काहीतरी म्हणाली. लवकर या, असं असावं.

जाताना रस्ता मोकळा मिळाला. माणगाव, कोलाड, नागोठणे त्याने सपाट्यात मागे टाकलं. पण पेणच्या पुढे गेल्यावर समोरून येणाऱ्या बाजूला त्याचं लक्ष गेलं. सुट्ट्यांचा शनिवार. मुंबईहून गाड्यांची रांगच लागली होती. टपावर बॅगा बांधलेल्या, खिडक्यांतून पोरं बाहेर डोकावणारी, मागच्या काचेला रबरी ट्यूब चिकटलेल्या. सगळे दिवेआगरला, श्रीवर्धनला समुद्रावर निघाले होते. हीच माणसं दुपारी त्याच्या पुढे असणार होती.

विमानतळावर तो वेळेत पोचला. फलकावर मस्कतच्या विमानापुढे उशीर लिहिलेला होता. एक तास, मग वीस मिनिटं आणखी. तो खांबाला टेकून उभा राहिला. सादियाला फोन केला. ती म्हणाली, "आहेत तशाच आहेत अब्बा. दोन चमचे पाणी घेतलं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही कुठवर आलात विचारतायत."

"विमान उतरतंय म्हणून सांग," फकरुद्दीन म्हणाला. विमान अजून समुद्रावर होतं.

बाराला दहा कमी असताना नबील बाहेर आला. पाठीवर एक सॅक, दुसरं काही नाही. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. बापाला बघून तो थबकला.

"तुम्ही आलात? अम्मीजवळ कोण आहे?"

"सादिया हाय."

नबील त्याच्याकडे बघत राहिला. मग गाडीच्या दिशेने चालू लागला.

पनवेलच्या अलीकडे नबीलने सादियाला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी छताचा पंखा दिसला, मग उशी, मग खतिजाचा चेहरा. गेल्या वर्षी निघताना पाहिलेला चेहरा त्यात नबीलला शोधावा लागला.

"अम्मी, मी आलो. मुंबईत आलो. येतोच आता."

खतिजाने त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. ओठ हलले, पण आवाज आला नाही. सादियाने कान तिच्या तोंडाजवळ नेला.

"अब्बा कुठे आहेत म्हणतायत."

नबीलने फोन बापाकडे वळवला. समोर ट्रेलर होता, डाव्या बाजूने रिक्षा घुसत होती, फकरुद्दीनला मान वळवता येईना. "आलोच! निघालोय आमी!" तो रस्त्याकडे बघतच मोठ्याने ओरडला, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा. खतिजाला त्याची कानशिलाची बाजू तेवढी दिसली असेल. मग सादिया म्हणाली, "त्या दमल्यात," आणि फोन बंद झाला.

वडखळला अर्धा तास गेला. नागोठण्यापुढे पुन्हा पाऊण तास. कोलाड ओलांडलं आणि इंदापूरच्या अलीकडे सगळंच थांबलं. माणसं गाड्यांतून उतरून रस्त्यावर उभी होती. कलिंगडवाले दोन्ही रांगांतून फिरत होते. पुढच्या गाडीतला एक गृहस्थ पाय मोकळे करत आला आणि म्हणाला, "माणगावपर्यंत असंच आहे म्हणे. दोन तास धरा."

फकरुद्दीनने गाडी रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरवली, लोकांच्या शिव्या खात, एक चाक गटाराच्या काठावरून नेत इंदापूरच्या फाट्यापर्यंत आणली आणि तळा गावाच्या रस्त्याला घातली.

"इकडून?" नबील म्हणाला.

"तळ्यावरून मांदाड, मांदाडवरून घर. लांब हाय थोडं, पण रिकामा रस्ता हाय. दादूला हे सुचलं नसतं."

रस्ता खरंच रिकामा होता. तळा मागे पडलं. दोन्ही बाजूंना वाळलेली रानं, मधूनच एखादं पळसाचं झाड. फोनची रेंज गेली. फकरुद्दीनने घड्याळ बघितलं. साडेतीन. सव्वाचारपर्यंत घर, असा त्याने मनात हिशेब केला आणि त्याच वळणावर ब्रेक मारला.

उतारावर खडीचा डंपर आडवा झाला होता. मागचं चाक निखळून बाजूला पडलं होतं आणि अर्धी खडी रस्त्यावर सांडली होती. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. डंपरचा ड्रायव्हर सावलीत उकिडवा बसून बिडी ओढत होता.

नबील उतरून धावत गेला. ड्रायव्हरशी बोलला, मग फावडं मागून घेऊन स्वतःच दरीच्या बाजूची खडी ओढायला लागला. फकरुद्दीनही उतरला. सत्तरीला आलेला माणूस, हातांनी खडी उचलून बाजूला टाकत होता. ड्रायव्हर लाजून उठला आणि तोही लागला. उन्हाने तिघांच्या अंगावरून घामाच्या धारा लागल्या. अर्ध्या तासाने एका गाडीची जागा होत आली. नबील फावडं टाकून गाडीच्या बॉनेटला टेकला. खिशातला फोन काढून बघितला. रेंज नव्हतीच.

"दादू का नाही आला?" त्याने विचारलं.

"दादूला रस्ते..."

"अब्बा." नबीलचा आवाज चढला नव्हता. "दादू वीस वर्षं गाडी चालवतोय."

फकरुद्दीनने तळहाताला चिकटलेली खडीची पूड झटकली. पुन्हा झटकली. मग तो म्हणाला, "माझ्याच्यानं बघवत न्हाय. तो श्वास. एक गेला की दुसरा येतो का न्हाय, ह्याची वाट बघत बसायचं. ती माझ्याकडं बघते, मी काय बोलू? मला गाडी चालवता येते. दुसरं काय येतं मला?"

नबील खाली बघत होता.

"मला तिच्यापर्यंत यायला पासपोर्ट लागतो," तो म्हणाला. "साहेबाची सही लागते, विमान लागतं, हा रस्ता लागतो. मी नाही पोचलो तर मी स्वतःला काहीतरी सांगू शकेन. तुम्हाला फक्त एक उंबरा ओलांडायचा होता."

फकरुद्दीन गाडीत जाऊन बसला, आणि नबीलने खाणाखुणा करत मागच्या चाकाकडे बघत त्याला त्या अरुंद जागेतून इंच इंच पुढे घेतलं.

मांदाडला खाडी दिसली आणि नबीलच्या हातातला फोन थरथरायला लागला. सादियाचे अकरा फोन येऊन गेले होते. नबीलने तिला लावला. फकरुद्दीनला पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. त्याला नबीलचा चेहराही बघायचा नव्हता. तो समोर बघत गाडी चालवत राहिला.

"कधी?" नबीलने विचारलं. मग म्हणाला, "हं." मग फोन मांडीवर ठेवला.

"चारला दहा कमी होते," तो म्हणाला.

चारला दहा कमी असताना दोघं खडी उपसत होते. फकरुद्दीनने इन्ना लिल्लाहि म्हटलं, पण ते पुरं म्हणून झालं नाही. गाडी कुठेही हेलकावली नाही. पुढची अर्ध्या तासाची वाट त्याने जशी रोज चालवायचा तशी चालवली. वळणावर हॉर्न दिला, म्हशी आडव्या आल्या तिथे थांबला. नबीलने खिडकीची काच खाली केली होती आणि तोंड बाहेर वाऱ्यात धरलं होतं.

घरासमोर चपलांचा ढीग होता. जमातीची माणसं अंगणात खुर्च्या मांडून बसली होती. दादू त्यांच्यात उभा होता. त्यानेच कब्र खणायला माणसं लावली होती आणि मुंबईच्या नातेवाइकांना फोन केले होते. तो पुढे येऊन फकरुद्दीनच्या हाताला धरू लागला. फकरुद्दीनने हात सोडवून घेतला.

आत बायकांनी अंघोळ घालून, गुसल देऊन कफन घातलं होतं, चेहरा उघडा ठेवला होता. नबील आईजवळ गुडघ्यांवर बसला आणि मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, त्याने अंगणातली माणसं उठून उभी राहिली. फकरुद्दीन दारातच थांबला होता. सादियाने बायकांना बाजूला व्हायला सांगितलं, तेव्हा तो आत आला. खतिजाचा चेहरा लहान झाला होता. हनुवटीखालून डोक्यावर फडक्याची पट्टी बांधली होती. तो रिकाम्या कॉटजवळच्या खुर्चीवर बसला आणि उठला नाही. मय्यत न्यायची वेळ झाली तेव्हा दोघांनी त्याला उठवलं.

सूर्यास्तानंतरची मगरिबची नमाज झाल्यावर लगेच दफन झालं. नबील स्वतः कबरीत उतरला. वरून तिघांनी खतिजाला खाली दिलं आणि त्याने दोन्ही हातांवर तिला घेतलं. अकरा महिन्यांनी तो आईला हात लावत होता. तिचं वजन काहीच नव्हतं, असं त्याने नंतर सादियाला सांगितलं. फकरुद्दीनने रिवाजाप्रमाणे तीन मुठी माती टाकली आणि चौथी टाकायला वाकला. मौलवीसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

नबीलला पाच दिवसांची सुट्टी मिळाली होती. त्या पाच दिवसांत बापलेक एका ताटात जेवले, एका रांगेत चटईवर नमाजेला उभे राहिले, आलेल्या-गेलेल्यांशी बोलले. एकमेकांशी बोलले ते मीठ दे, पाणी दे इतकंच. जायच्या दिवशी फकरुद्दीनने गाडीची चावी काढली नाही. दादू आला. सॅक गाडीत ठेवून नबील परत अंगणात आला.

"अब्बा, त्या दिवशी मी बोललो ते..."

"खरं बोललास," फकरुद्दीन म्हणाला.

नबीलला बापाला मिठी मारायची होती. पण फकरुद्दीनचे दोन्ही हात पाठीमागे होते आणि त्याने ते पुढे आणले नाहीत. गाडी गेली. त्याच दिवशी संध्याकाळी नबीलचा मस्कतहून फोन आला, की तो खोलीवर पोचला, डाळभात खाल्ला. दादू तेव्हा परतीच्या वाटेवर नागोठण्यात अडकलेला होता. सादियाने फोनवर विचारलं, "अब्बांना देऊ?" नबील म्हणाला, "नको. पोचलो म्हणून सांग."

फकरुद्दीनने काम सोडलं. फोन यायचे. तो दादूचा नंबर द्यायचा. गाडीवर धूळ बसली, मग तिच्यावर चिंचेचा पाला. कुणी सांगितलं, विकून टाक, तर तो "बघू" म्हणायचा.

दुपारी जेवण झालं की तो खतिजाच्या खोलीतल्या खुर्चीवर येऊन बसायचा आणि सादियाला हाक मारायचा. "बस जरा. सांग मला."

पहिल्यांदा त्याने विचारलं तेव्हा सादियाने थोडक्यात सांगितलं. अम्मी शांत गेल्या. मी यासीन पढत होते. मक्केहून आलेलं झमझमचं पाणी तोंडात घातलं, तेवढं आत गेलं. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. सादिया काम टाकून यायची, खाली बसायची आणि सांगायची. आठवड्याभराने तिने त्यात थोडी भर घातली. अम्मी हसल्या, म्हणाली. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून. मग एके दिवशी म्हणाली, त्यांनी तुमच्यासाठी दुवा मागितली. फकरुद्दीन ऐकून घ्यायचा. मान हलवायचा.

चाळिसावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, अशीच ती सांगत असताना तो मधेच म्हणाला, "असं झालं न्हाय."

सादियाने मान वर केली.

"त्या दिवशी दुपारी फोनवर तिचा आवाज फुटत नव्हता. ती दुवा कशी मागेल? तू चांगली पोर हायस. पण माझी बायको मरताना काय झालं ते मला कोण सांगणार? मी न्हवतो. तू होतीस. तूच हायस फक्त."

"कशाला अब्बा? काय करायचंय ऐकून?"

"सांग."

सादियाने पदर तोंडाशी घेतला. अंगणातून कुणीतरी मोटरसायकल नेली, तिचा आवाज विरेपर्यंत ती थांबली.

"नबीलचं नाव त्यांनी सकाळनंतर घेतलंच नाही," ती म्हणाली. "रस्त्यावरून गाडी गेली, की डोळे उघडायच्या. बोलता येत नव्हतं, पण मला कळायचं. मी सांगायचे, ही दुसरी आहे, अम्मी. साडेतीननंतर एक गाडी इथे वळली. कुणाची तरी, पाठीमागे घ्यायला वळली असेल. त्यांनी माझा हात दाबला. एवढा जोर कुठून आला कळलं नाही. मला नाही म्हणवेना. मी म्हटलं, हो अम्मी, अब्बाच आले. नळावर हातपाय धुतायत."

फकरुद्दीन तिच्याकडे बघत होता.

"मग?"

"मग त्या दाराकडे बघत राहिल्या."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं असतील," सादिया म्हणाली. "जास्त नाही."

त्याने मान हलवली. ती उठली, डोळे पुसले आणि भांडी घासायला मागच्या दारी गेली. फकरुद्दीन खुर्चीत बसून राहिला. मग त्याने खुर्ची उचलली, कॉटच्या उशाशी जिथे तिचं डोकं असायचं तिथे नेऊन ठेवली, आणि तिथून दार कसं दिसतं ते बघत बसला.